महारोगाचा जंतू आणि उजेडाची मर्यादा



बहुतेक हायस्कुलांच्या प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक यंत्र असते. वर्षातून एकदा ते कपाटातून बाहेर निघते, कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला जातो आणि मुले रांगेने एक डोळा मिटून आत बघतात. विटांच्या भिंतीसारखे काहीतरी दिसते. मास्तर सांगतात, "या पेशी." पुढचा मुलगा ढकलतो आणि पाहणे संपते. मीही असाच ढकललो गेलो आणि पुढे इतिहासाचा मास्तर झालो. तेव्हा मी विज्ञानावर बोलायला बसलो आहे याचे आपल्याला नवल वाटेल. पण यंत्रांनाही इतिहास असतो, आणि या यंत्राच्या इतिहासाचा एक धागा आमच्या घराच्या परसातून गेलेला आहे.

आमच्या जुन्या घराच्या मागे, न्हाणीघराच्याही पलीकडे, एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. लहानपणी आम्हा मुलांना तिकडे खेळायला मज्जाव असे. माझ्या आजीने शेवटच्या आजारपणात सांगितले की तिचे धाकटे दीर, म्हणजे माझे चुलत आजोबा, त्या खोलीत अकरा वर्षे राहिले. त्यांना महारोग झाला होता. आज आपण कुष्ठरोग म्हणतो, पण त्या काळी शब्द हाच होता आणि तो मोठ्याने उच्चारीत नसत. जेवण उंबऱ्याबाहेर पानावर ठेवायचे, पाणी वरून ओतायचे. "आम्हांस काय कळत होते रे, वाऱ्यावरून येते म्हणत, पापाने येते म्हणत," असे ती म्हणाली. ते १९५८ साली त्या खोलीतच गेले.

काय कळत होते आणि कुणाला कळत होते, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता मी १८७३ या सालापाशी येऊन पोचलो.

त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. नॉर्वे देशात, बर्गेन नावाच्या पावसाळी बंदरात, गेऱ्हार्ड आर्मावर हान्सेन या डॉक्टरांनी महारोग्याच्या गाठीतील द्रवात काड्यांसारखे बारीक जंतू पाहिले. आणि जर्मनीत येना गावी, कार्ल त्साइस यांच्या भिंगांच्या कारखान्यात काम करणाऱ्या अर्न्स्ट आबे या प्राध्यापकाने सिद्ध केले की उजेडाने पाहणाऱ्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला एक हद्द आहे. तिच्या पलीकडे भिंग कितीही उत्तम घासा, दिसणार नाही. एकाने दार उघडले, दुसऱ्याने सांगितले की आत भिंत आहे. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

त्याच वर्षी बर्गेनला एक पाहुणा गेला होता, आणि तो आपल्या मुलखातून गेला होता. त्याचे नाव हेन्री व्हँडाइक कार्टर. वैद्यकाचा विद्यार्थी ज्या ग्रंथाशिवाय शिकत नाही तो 'ग्रेज ॲनाटॉमी' १८५८ साली निघाला. त्यातील चित्रे या कार्टरने काढली. मजकूर हेन्री ग्रे यांचा. पुस्तक ग्रे यांच्या नावाने अमर झाले. कार्टरला एकरकमी १५० पौंड मिळाले आणि मुखपृष्ठामागच्या पानावर नाव लहान टाइपात गेले. पुस्तक बाहेर पडले त्याच साली कार्टर मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. नंतर १८६३ पासून सुमारे नऊ वर्षे तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता.

या गृहस्थाचा हात चित्रकाराचा आणि डोळा सूक्ष्मदर्शकाचा. देशावरच्या शेतकऱ्यांच्या पायाला सूज येऊन त्यातून बारीक दाणे बाहेर पडण्याचा एक रोग असतो. अनवाणी चालणाऱ्याला काटा टोचतो आणि तेथून तो सुरू होतो. हा बुरशीचा रोग आहे असे कार्टरने मांडले व त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले. ते आजही चालते. पुढे १८७६ ते ७८ च्या दुष्काळात देशावरची माणसे मुंबईत लोटली आणि त्यांच्यात उलटून येणारा ताप पसरला. १८७७ मध्ये कार्टरने त्या रोग्यांच्या रक्तात मळसूत्राच्या आकाराचे जंतू पाहिले. मी मुद्दाम सांगतो आहे, कारण सूक्ष्मदर्शकाचा इतिहास म्हटला की आपण हॉलंड आणि जर्मनीची नावे घेतो. सातारा आणि भायखळा ही नावेही त्यात बसतात.

तर १८७३ साली कार्टर रजेवर असताना नॉर्वेस गेला, तेथील महारोग्यांची इस्पितळे पाहिली, हान्सेनला भेटला. १८७४ साली त्याने या प्रवासाचा वृत्तांत हिंदुस्थानच्या संदर्भासह छापला. हा रोग रक्तातून वंशपरंपरेने येतो असेच तेव्हा मोठमोठे डॉक्टर मानीत. कार्टर हा संसर्गाच्या बाजूने उभा राहिला. आपल्या कोकणपट्टीत रोग होताच. रत्नागिरीत सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाचे महारोग्यांचे इस्पितळ उभे राहिले ते काही उगीच नव्हे.

हान्सेनबद्दल एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. जंतू दिसला, पण तोच रोग करतो हे सिद्ध होईना, कारण तो प्रयोगशाळेत कोणत्याही खाद्यावर वाढेना. १८७९ साली हान्सेनने एका रोगी बाईच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, दुसऱ्या रोग्याचा अंश टोचला. खटला झाला आणि १८८० मध्ये त्याची इस्पितळातील जागा गेली. थोरांच्या चरित्रातून आपण असली पाने फाडतो. मी वर्गात ती वाचून दाखवितो. जंतू मात्र आजतागायत कृत्रिम खाद्यावर वाढलेला नाही. १९६० साली शेपर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखविला, तेव्हा कुठे औषधे तपासण्याची सोय झाली.

आता आबे यांच्या भिंतीकडे वळू. मापे आधी ध्यानात घ्या. मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन होतो, आणि मायक्रॉनचे पुन्हा हजार भाग केले की एक नॅनोमीटर. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. महारोगाचा जंतू लांबीला एक ते आठ मायक्रॉन, पण जाडीला अवघा पाव ते अर्धा मायक्रॉन. आणि आबे यांची हद्द कोठे? पाव मायक्रॉनच्या जरा अलीकडे, म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटरवर. हान्सेनला काडी दिसली ती अगदी कुंपणाला लागून. तिच्या पोटात काय आहे, हे दिसणे उजेडाला शक्यच नव्हते.

का शक्य नव्हते? मांडवीच्या जेटीवर उभे राहून लाटा बघा. लाट जेटीच्या भिंतीवर आपटते, फुटते, मागे वळते. भिंत आहे हे लाटेकडे पाहूनच कळते. पण पाण्यात होडी बांधायचा एखादा बारीक खुंट असेल तर लाट त्याला वळसा घालून तशीच पुढे येते. किनाऱ्यावर आलेल्या लाटेला विचाराल तर तिला खुंट भेटलाच नव्हता. उजेड हीसुद्धा लाट आहे. हिरव्या उजेडाच्या लाटेची लांबी सुमारे ५०० नॅनोमीटर. तिच्या निम्म्याहून बारीक वस्तू तिच्या दृष्टीने खुंट. दोन खुंट जवळजवळ असले तर त्यांचा एकच धुरकट ठिपका दिसतो. आणि उंची-खोलीच्या दिशेने स्थिती आणखी वाईट. तेथे हद्द ५०० नॅनोमीटर किंवा त्याहूनही जास्त. पेशी तर सपाट नसते, ती भरलेल्या पोत्यासारखी असते.

उजेडाची लाट मोठी पडते तर लहान लाट वापरावी, असे मनात येणारच. इलेक्ट्रॉनांची लाट फारच लहान असते. जर्मनीत माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ साली असे यंत्र केले. रुस्का यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी! पारितोषिक समितीचे घड्याळ असे.

आपल्याकडे या वाटेने जाणारे केंद्र मुंबईत, परळला उभे राहिले. त्यामागचे गृहस्थ डॉ. वसंत रामजी खानोलकर. आडनाव वेंगुर्ल्याच्या खानोली गावाकडे बोट दाखविते, आणि तो तालुका १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, एवढे आपण हक्काने म्हणू. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळा खानोलकरांकडे आल्या. १९५२ साली निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. कर्करोगाइतकाच त्यांचा जीव महारोगावर होता. त्वचेवर जेमतेम चट्टा उमटला आहे, अशा अगदी सुरवातीच्या रोग्यांच्या कातडीचे बारीक तुकडे घेऊन ते पाहात बसले. १९५१ साली छापलेल्या अहवालात त्यांनी दाखवून दिले की जंतू प्रथम कातडीत जाणाऱ्या मज्जातंतूंच्या बारीक फांद्यांत शिरतो. हात बधिर का होतो, चूल चटका देते तरी कळत का नाही, याचे उत्तर येथे आहे. रोग दिसतो कातडीवर, पण वस्ती करतो मज्जातंतूत.

खानोलकरांच्या हाताखाली दोन विदुषी तयार झाल्या. डॉ. कमल रणदिवे, मूळ पुण्याच्या, यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा तेथे उभी केली. म्हणजे शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, जिवंत पेशी वाढविणे. आणि डॉ. सत्यवती शिरसाट यांनी वैद्यकीय संशोधनासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा उभारली. तंबाखू-सुपारीने तोंडाच्या आतल्या कातडीचे काय होते, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. घरोघरी पानाचे तबक असलेल्या आपल्या भागात ही गोष्ट अधिक सांगायला हवी.

परंतु इलेक्ट्रॉनच्या यंत्रात एक अडचण आहे. नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो, पाणी काढून, कडक करून, कागदाहून कितीतरी पातळ काप करून. म्हणजे पेशी मेलेली. रणदिवे यांच्या भांड्यातली जिवंत पेशी शिरसाट यांच्या यंत्रात जिवंत राहणे नाही. एका खोलीत जीव आहे पण बारकावा नाही, दुसरीत बारकावा आहे पण जीव नाही. पन्नासेक वर्षे सगळ्या जगाची हीच स्थिती होती.

ही कोंडी फुटली ती उजेडाकडेच परत जाऊन. कशी फुटली हे सांगण्यासाठी आपल्याला रात्री रत्नदुर्गावर, भगवतीच्या किल्ल्यावर, चढावे लागेल. खाली मिरकरवाड्याचे बंदर. शेकडो होड्या लागलेल्या, प्रत्येकीवर दिवा. जरा धुके असले की सगळ्या दिव्यांचा एकच पिवळा पट्टा दिसतो. होड्या मोजा म्हटले तर मोजता येणार नाहीत. पण समजा, बंदरात हुकूम निघाला की दिवे सर्वांनी एकदम लावायचे नाहीत. एका वेळी चारदोन, तेही दूरदूरचे, आणि लगेच विझवायचे. मग दुसरे चार. आता किल्ल्यावरून दिसणारा प्रत्येक ठिपका धुरकट असला तरी एकटा आहे. त्याचा मध्य काढून कागदावर टिंब मांडता येते. रात्रभर असे केले की सकाळी कागदावर सारे बंदर होडी न् होडी उमटलेले असते. धुके हटले नाही, डोळा सुधारला नाही, तरी होड्या मोजल्या गेल्या.

पेशीतले दिवे म्हणजे चमकणारे रेणू. त्यांतला एक प्रसिद्ध रेणू समुद्रातल्या जेलीफिशपासून मिळाला. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली तो वेगळा काढला. विल्यम मर्नर यांनी १९८९ साली एकट्या रेणूचा माग प्रथम लावला, आणि पुढे १९९७ मध्ये असे रेणू उघडझाप करतात, त्यांना उजेडाने चालूबंद करता येते, हे दाखविले. एरिक बेट्झिग यांची कथा तर नाटकात शोभावी अशी. हा माणूस संशोधनाला कंटाळून वडिलांच्या यंत्रांच्या कारखान्यात गेला होता. परत फिरला तेव्हा हाताशी प्रयोगशाळा नव्हती. मित्राच्या, हॅरल्ड हेस यांच्या, बैठकीच्या खोलीत दोघांनी यंत्र जुळविले आणि २००६ साली त्याचा निकाल छापला. त्याच वर्षी झुआंग शाओवेई या चिनी-अमेरिकन विदुषीने स्वतंत्रपणे तीच युक्ती दुसऱ्या रेणूंवर साधली. तिसरी वाट स्टेफान हेल यांची. त्यांनी १९९४ साली कल्पना मांडली, २००० पर्यंत करून दाखविली: चमकणाऱ्या ठिपक्याभोवती दुसऱ्या उजेडाची बांगडी टाकायची, बांगडीखालचे सारे रेणू विझवायचे, आणि बांगडीच्या भोकात उरेल तेवढेच पाहायचे. बेट्झिग, हेल आणि मर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. झुआंग यांना मिळाले नाही. एका पारितोषिकात तिघांहून अधिक नावे बसत नाहीत, हा नियम. कार्टरचे स्मरण मला येथे झाले.

आबे चुकले होते काय? मुळीच नाही. त्यांची भिंत होती तेथेच आहे. पोरांनी तिला वळसा घातला.

आता खोलीचा प्रश्न राहिला. किल्ल्यावरून दिवा किती डावीकडे, किती उजवीकडे, हे कळले. पण तो डोलकाठीवर आहे की तळाशी, हे कसे कळावे? येथली युक्ती इतकी साधी आहे की शिक्षकांनी ती मुलांना जरूर सांगावी. काही जणांच्या चष्म्यात एका दिशेनेच वाकलेली काच असते; चष्मेवाले तिला सिलिंडरचा नंबर म्हणतात. बो हुआंग आणि झुआंग यांनी २००८ साली तशीच काच यंत्रात बसविली. त्यामुळे गोल ठिपका रेणूच्या उंचीप्रमाणे लांबट होऊ लागला: पातळीच्या वर असला तर एका दिशेने, खाली असला तर आडव्या दिशेने. ठिपक्याचा आकार बघायचा आणि खोली वाचायची. आडव्या अंगाने २० ते ३० नॅनोमीटर, खोलीत ५० ते ६० नॅनोमीटर, इतके बारीक मोजमाप त्यांना साधले. घरात असा चष्मा पडून असेल तर अंधारात तो हातभर दूर धरून लांबच्या दिव्याकडे पाहा, आणि काच हळूहळू फिरवा. दिव्याचा आकार बदलताना दिसेल.

या त्रिमितीच्या पाहण्याने काय मिळाले, याचे एकच उदाहरण देतो, कारण ते मज्जातंतूचे आहे. मज्जातंतूचा धागा गुळगुळीत नळीसारखा असावा असे वाटत होते. २०१३ साली झुआंग यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की त्या नळीच्या आतल्या अंगाला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाची कडी बसविलेली आहेत, दर १८० ते १९० नॅनोमीटरवर एक, पिंपाला लोखंडी पट्टे ठोकावेत तशी. अंतर पाहा: आबे यांच्या हद्दीच्या नेमके आत. शंभर वर्षे डॉक्टर मज्जातंतू बघत होते आणि हे पट्टे डोळ्यांसमोर असून दिसत नव्हते. त्याच वर्षी एडिंबरोहून आणखी एक शोध छापून आला, तो वेगळ्या पद्धतींचा: महारोगाचा जंतू उंदराच्या मज्जातंतूवर आवरण घालणाऱ्या पेशीत शिरला की तिला तिचा धंदाच विसरायला लावतो, ती पुन्हा कच्च्या, कोवळ्या पेशीसारखी होते आणि जंतूला पुढे नेते. खानोलकरांनी घर दाखविले होते. आता घरातला कारभार दिसू लागला आहे.

अजून एक अडथळा शिल्लक होता. काचेवरची एकेरी पेशी निराळी, आणि जिवंत प्राण्याच्या अंगातील खोलवरची पेशी निराळी. मधल्या मांसातून येताना उजेड वाकडातिकडा होतो, जशी आषाढातल्या गढूळ विहिरीत तळाची कळशी दिसत नाही. यावर तोडगा आला तो आकाश पाहणाऱ्यांकडून. तारा लुकलुकतो, कारण हवेत त्याचा उजेड हेलकावे खातो. होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली सुचविले की आरसाच क्षणोक्षणी वाकवून हा हेलकावा पुसून टाकावा. या विद्येत पुण्याच्या आयुका संस्थेचा हात आहे. अमेरिकेतील कॅलटेकबरोबर तिने केलेले 'रोबो-एओ' हे यंत्र पालोमारच्या दुर्बिणीवर आपोआप तारे स्वच्छ करून पाहू लागले. तोच वाकता आरसा सूक्ष्मदर्शकात बसला. २०१८ साली बेट्झिग आणि सहकाऱ्यांनी झेब्राफिश नावाच्या बोटभर माशाच्या पिलात, आत, जिवंत पेशी हिंडताना दाखविल्या. ताऱ्याकडे बघणारा आणि पेशीकडे बघणारा एकाच कारागिराच्या दारी गेले.

आता कायद्याचे दोन शब्द. १८९८ साली इंग्रज सरकारने महारोग्यांना कोंडून ठेवण्याचा कायदा केला. तो संसदेने रद्द केला २०१६ साली. जोडीदाराला हा रोग आहे म्हणून घटस्फोट मागता येई. ते कलम गेले २०१९ साली. जंतू दिसल्याला तोवर जवळजवळ दीडशे वर्षे झाली होती. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. औषध फुकट मिळते. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. ही एकत्रित औषधांची पद्धत १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली. औषध सुरू झाले की रोग्यापासून संसर्गाची भीती लवकरच संपते, आणि हात-पाय वाकडे होण्याआधी सुरू केले तर पुष्कळ काही वाचते.

पण गोळी १९८२ ला निघाली असे समजू नका. डॅप्सोन हे पहिले खरे औषध १९४० नंतरच्या दशकात आले. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे डॉ. वारदेकर आणि त्यांचे कार्यकर्ते १९५१ पासून वर्ध्याच्या बाजूच्या खेड्यांत घरोघर रोगी शोधीत होते, ती गोळी देत होते, आणि रोग्याला घरातच राहू द्या म्हणून सांगत होते. त्याच १९५१ साली खानोलकरांचा अहवाल मुंबईत छापला गेला. माझे चुलत आजोबा तेव्हा परसातल्या खोलीत चौथ्या वर्षात होते. त्यानंतर ते आणखी सात वर्षे जगले. मुंबईची बोट तेव्हा रत्नागिरीच्या बंदरात नेमाने लागत असे, पण ती गोळी काही आमच्या घरापर्यंत आली नाही.